व्हीपीएन हिरवा, पण सर्व्हर उघडत नाही: घरून काम करणाऱ्या पाच जणांचं अडलंय

गूळपोळी | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, माझं मूळ काम अकाउंट्सचं. आयटी बघणारा मुलगा गेल्या वर्षी नोकरी सोडून गेला आणि "तुला कळतं ना कॉम्प्युटरमधलं" म्हणून सगळे पासवर्ड माझ्या गळ्यात पडले. शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. फाउंड्रीला लागणारे पॅटर्न आणि फिक्श्चर यांचं डिझाइन नि मशीनिंग. ड्रॉइंगं, थ्रीडी मॉडेलं, कोटेशनं, आपसातलं चॅट, कॅलेंडर असं सगळं ऑफिसातल्या नेक्स्टक्लाउड सर्व्हरवर आहे. त्याचा आतला पत्ता १९२.१६८.१.१०. बाहेरून यायचं तर ओपनव्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या जाळ्यापर्यंत काढलेला बंदिस्त बोगदा (व्हीपीएन); तो पीएफसेन्सच्या फायरवॉलवर, म्हणजे ऑफिस आणि इंटरनेटमधल्या राखणदारावर चालतो. आजवर बाहेरून येणारे दोघं-तिघंच होते. मागच्या महिन्यात मालकांनी पुण्याचं ऑफिस बंद केलं आणि आता ११ जण घरून काम करतात.

त्यातल्या ६ जणांचं लोण्यासारखं चालतंय. उरलेल्या ५ जणांचं असं:

इचलकरंजीची डिझायनर आणि पुण्याचे दोघे: व्हीपीएन जोडला जातो, खूण हिरवी होते, पण सर्व्हरचं पान उघडत नाही. पुण्यातल्या एकाचं कधी चालतं, कधी नाही.

पुण्याचेच एक सीनियर: सगळं उघडतं, चॅट चालतं, फाइल खाली उतरते. वर चढवायला गेलं की लटकतं. ४० एमबीची असेंब्ली तासभर शून्य टक्क्यांवर.

म्हापशाचे सेल्सवाले: व्हीपीएनच जोडला जात नाही.

मी विचारपूस केली तेव्हा लक्षात आलं की ज्यांच्याकडे जिओफायबर आहे ते पाचही जण सुखात आहेत. मालक म्हणतात, सगळ्यांना तेच घ्यायला सांग. असं खरंच असतं का?

---

पन्हाळा_पायी | सोमवार, रात्री ११:०५

ताई, आधी सर्व्हर बंद करून चालू करा. नाय झालं तर मालक बंद करून चालू करा.

---

अनुस्वार | सोमवार, रात्री ११:१८

एवढा उपद्व्याप कशाला? क्लाउडवर टाका आणि मोकळ्या व्हा. २०-२५ जणांच्या कंपनीनं स्वतःचा सर्व्हर सांभाळायचा जमाना गेला.

---

गूळपोळी | सोमवार, रात्री ११:३०

@अनुस्वार, आमच्या मोठ्या ग्राहकाच्या करारात लिहिलेलं आहे की त्यांची ड्रॉइंगं आमच्या आवाराबाहेरच्या सर्व्हरवर ठेवायची नाहीत. तो विषय माझ्या हातात नाही.

---

झिरोवन | मंगळवार, सकाळी ९:१०

"कनेक्ट होत नाही" हा एक आजार नाही, ताई. तापासारखं आहे ते, दहा कारणांनी येतो. तुमच्या पाच जणांना तीन वेगवेगळे आजार दिसतायत, त्यामुळे एकाच कंपनीवर खापर फोडू नका.

पहिल्या तिघांना व्हीपीएन चालू ठेवून हे करायला सांगा. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचं नाव देऊन एनएसलुकअप, म्हणजे त्या नावाचा आकडी पत्ता कुठला ते विचारणं. उत्तर १९२.१६८.१.१० येतं का? मग त्या आकड्याला पिंग, म्हणजे नुसती हाक मारून ओ येते का बघणं. मग ब्राउझरमध्ये नावाऐवजी नुसता तो आकडा. प्रत्येक पायरीला पडद्यावर काय आलं ते शब्दशः लिहून घ्या. "चालत नाही" असं उत्तर घेऊ नका, फोटो मागवा.

---

खडूफळा | मंगळवार, सकाळी ९:४०

धागा हायजॅक करतोय, माफी. माझा नाशकात क्लास आहे. नोट्ससाठी असाच सर्व्हर घरी लावला, राउटरवर पोर्ट ४४३, म्हणजे वेबपानांचं दार, उघडला, तरी बाहेरून काहीच येत नाही. राउटरवर बाहेरचा पत्ता १००.८१ नं सुरू होणारा दिसतो.

---

तारवाला | मंगळवार, सकाळी १०:०२

@खडूफळा, तुमचा राउटर निर्दोष आहे. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला. म्हणजे तुमच्या राउटरच्या वर कंपनीचा आणखी एक नॅट, म्हणजे पत्ते बदलून देणारा मध्यस्थ, बसलाय, आणि एका खऱ्या पत्त्यामागे तुमच्यासारखी कितीतरी घरं आहेत. अपार्टमेंटच्या गेटवर फक्त इमारतीचं नाव आहे, फ्लॅट नंबर नाही. बाहेरून आलेल्या पोस्टमननं पत्र कुणाच्या दारात टाकायचं? असल्या पत्त्यांचा, म्हणजे आयपीव्ही४ चा, जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, त्यामुळे हे होणारच होतं.

उपाय दोन. कंपनीकडून दरमहा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचाच कायमचा पत्ता, घ्या. नाहीतर बाहेर एक स्वस्तातला व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा छोटा सर्व्हर, भाड्यानं घ्या आणि घरच्या सर्व्हरकडून त्याच्याकडे वायरगार्डचा (हाही व्हीपीएनच) बोगदा काढा. आतून बाहेर जायला आडकाठी नसते, बाहेरून आत यायला असते. आता मूळ विषयावर येऊ.

---

गूळपोळी | मंगळवार, दुपारी १:२५

@झिरोवन, केलं. तिघांचंही नाव बरोबर सुटतंय, १९२.१६८.१.१० हेच येतं. पुण्याच्या दोघांना पिंगचं उत्तर नाही, 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' येतं. इचलकरंजीच्या मुलीला मात्र पिंगचं उत्तर येतंय, तेही १ मिलिसेकंदात! तरी पान उघडत नाही. आकडा टाकल्यावर तिला म्हणे लॉगिनचं पान आलं, पण आमचा युजरनेम-पासवर्ड घेत नाही. ती घाईत असावी, चुकीचं काहीतरी टाइप केलं असेल.

---

तारवाला | मंगळवार, दुपारी १:३३

थांबा, थांबा.

इचलकरंजीहून शिरोलीपर्यंत, तेही बोगद्यातून, १ मिलिसेकंद? मी ३० वर्षं दूरसंचार खात्यात घालवली. एवढ्या लवकर उत्तर देणारी वस्तू तिच्या घरातच आहे. त्या लॉगिनच्या पानाचा फोटो मागवा.

---

गूळपोळी | मंगळवार, दुपारी २:५०

काका, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, नमस्कार करते.

ते पान आमच्या सर्व्हरचं नाहीच. वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चित्र आहे. तिच्या सासऱ्यांचं खाली सूत-कापडाचं दुकान आहे, त्याचा सीसीटीव्हीचा डीव्हीआर! कॅमेरे बसवणाऱ्यानं त्याला १९२.१६८.१.१० देऊन ठेवलाय. ती बिचारी चार दिवस सासऱ्यांच्या डीव्हीआरला कंपनीचा पासवर्ड घालत होती.

पण ती व्हीपीएनमध्ये असताना घरच्या डीव्हीआरकडे कशी गेली?

---

तारवाला | मंगळवार, दुपारी ३:२०

कारण तिच्या घराचा पट्टा आणि तुमच्या ऑफिसचा पट्टा एकच आहे.

लॅपटॉप कसा विचार करतो ते बघा. त्याला घरच्या राउटरनं पत्ता दिलाय १९२.१६८.१.२३, म्हणजे १९२.१६८.१ नं सुरू होणारे सगळे आपल्याच वाड्यात राहतात अशी त्याची समजूत. तुम्ही सांगितलं ".१० कडे जा". तो बोगद्यात कशाला शिरेल? वाड्यातच हाक मारतो, ".१० कोण आहे रे?" या हाकेला एआरपी म्हणतात. पुण्याच्या घरांत .१० कुणीच नाही, म्हणून कुणी ओ देत नाही आणि 'अनरीचेबल' येतं. इचलकरंजीत डीव्हीआरनं ओ दिली.

कधी चालतं कधी नाही म्हणणाऱ्याचंही यातच आलं. व्हीपीएन जोडल्यावर त्याच पट्ट्याचा दुसरा मार्ग लॅपटॉपच्या मार्गांच्या यादीत येतो. दोन्ही सारखेच अचूक, मग मेट्रिक, म्हणजे मार्गाच्या पसंतीचा आकडा, ज्याचा कमी तो जिंकतो. ती यादी दाखवणारी 'रूट प्रिंट' ही कमांड करायला सांगा, १९२.१६८.१.० दोनदा दिसेल.

आता जिओफायबरचं कोडं. त्यांच्या घरच्या पेटीचा पत्ता मुळातच १९२.१६८.२९.१ असतो. तुमच्या पट्ट्याशी टक्कर नाही, एवढंच. वेगाशी किंवा दर्जाशी काही संबंध नाही. सगळ्या ११ जणांना आयपीकॉन्फिग करून घरचा पत्ता विचारा, माझी पैज.

---

स्थलांतरित | मंगळवार, सायंकाळी ५:०५

वाचतोय आणि हसतोय. मी जर्मनीत असतो, घरी फ्रिट्झबॉक्स, तिचा पट्टा १९२.१६८.१७८. त्यामुळे पुण्यातल्या ऑफिसचा व्हीपीएन इथून मख्खन चालायचा. सुट्टीत आईकडे डोंबिवलीला गेलो की बंद. दोन वर्षं मी आईच्या केबलवाल्याला शिव्या घालत होतो.

@गूळपोळी, झटपट खात्री करायची तर त्यांना आयफोनच्या हॉटस्पॉटवरून जोडून बघा. तो १७२.२०.१० चा पट्टा देतो.

---

गूळपोळी | मंगळवार, रात्री ९:१५

पैज जिंकलात काका. पाच जण २९ वर, दोघे १९२.१६८.० वर, आणि १ वर बरोबर तेच तिघे. म्हापशाचे उरले. इचलकरंजीची मुलगी नवऱ्याच्या आयफोनवरून जोडली तर धाडकन उघडलं. आकडा टाकला तर 'अॅक्सेस थ्रू अनट्रस्टेड डोमेन' असा आमच्या सर्व्हरचा संदेश आला. तो एरर आला तरी मी खूश.

---

झिरोवन | मंगळवार, रात्री ९:४०

खूश व्हायलाच हवं, तो एरर म्हणजे पोचपावती आहे. सर्व्हरपर्यंत पोचल्याशिवाय तो येत नाही. नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिगमध्ये ट्रस्टेड डोमेनची यादी असते, त्यात आकडा नाही, नाव आहे. नावानं गेलात की झालं. यादीत आकडा घालायच्या भानगडीत पडू नका.

आता उपाय. तिघांना घरच्या राउटरचा पट्टा बदलायला सांगू शकता. पण उद्या बारावा माणूस येईल, त्याच्याही घरी १ असेल. बदलायचं तर ऑफिसनं बदलायचं.

---

पन्हाळा_पायी | मंगळवार, रात्री ९:५२

एनीडेस्क टाका की सरळ. नाहीतर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडून द्या, ३३८९.

---

झिरोवन | मंगळवार, रात्री ९:५५

३३८९ इंटरनेटला उघडायचा? त्यापेक्षा गेटवर चावी टांगून पाटी लावा, "साहेब घरी नाहीत". रॅन्समवेअरवाले पहिल्यांदा तोच पोर्ट चाचपतात. ताई, हे अजिबात करू नका.

---

तारवाला | बुधवार, सकाळी ७:३०

खासगी पत्ते कुठले वापरायचे हे १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात ठरलं: १० नं सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. एकट्या १० च्या पट्ट्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते आहेत. आणि त्याच कागदात तेव्हाच बजावून ठेवलंय की पुढेमागे दोन जाळी जोडायची वेळ येईल, तेव्हा टक्कर नको असेल तर यातून पट्टा मनाला येईल तसा, चिठ्ठी टाकून निवडा. आपण सगळ्यांनी काय केलं? खोक्यावर छापून आलेलं १९२.१६८.१ तसंच ठेवलं.

तेव्हा ऑफिससाठी १०.८३.४० असं काहीतरी आडवळणाचं घ्या. १०.०.० आणि १०.१.१ नको, तेही लोकप्रिय आहेत.

पण हे एका रात्रीत होणार नाही, म्हणून तोवरचा तोडगा. फायरवॉल आत्ता व्हीपीएनवाल्यांना सांगतोय, "१९२.१६८.१ चा अख्खा पट्टा माझ्याकडे". ते काढा. त्याऐवजी फक्त १९२.१६८.१.१० हा एकच पत्ता सांगा, मास्क २५५.२५५.२५५.२५५. मार्ग निवडताना जास्त नेमका मार्ग नेहमी जिंकतो, मेट्रिक नंतर बघतात. 'सगळी गल्ली आपली' आणि 'दहा नंबरचं घर पलीकडे' असं दोन्ही सांगितलं तर लॅपटॉप दुसरं ऐकतो.

दोन गोष्टी सांभाळा. घरी एखाद्याच्या लॅपटॉपलाच .१० मिळाला असेल तर हा तोडगा फसेल. आणि १९२.१६८.१.१ ला असा वेगळा मार्ग देऊ नका. दोन्हीकडचा राउटर तोच आकडा घेऊन बसलाय, कुणाचं पान उघडलंय ते कळणार नाही. व्हीपीएनमधून डीएनएस, म्हणजे नावाचा आकडा सांगणारा सर्व्हर, कुठला देताय?

---

गूळपोळी | बुधवार, सकाळी ११:४८

डीएनएस बोगद्यातलाच आहे, १०.८.०.१. त्या मुलानं निदान ते बरं केलं होतं.

एक पत्ता सर्व्हरचा, एक .१२ कॅडच्या लायसन्सचा, असे दोन मार्ग घातले. तिघांचंही चालू झालं!! मालकांना सांगितलं की नवीन इंटरनेट घ्यायची गरज नाही. ते म्हणाले, "मग चार दिवस काय करत होतात?"

---

झिरोवन | बुधवार, दुपारी १२:१०

मालक सगळीकडचे एकाच साच्यातले.

मालकांना बदल नको असेल तर एक चलाखीही आहे. फायरवॉलवर वन-टू-वन नॅट लावून बाहेरच्यांना अख्खं ऑफिस १०.८३.४० म्हणून दाखवायचं, आत काहीच न बदलता.

---

तारवाला | बुधवार, दुपारी १२:३४

चालेल, पण मी करणार नाही. मग त्याच सर्व्हरला आत एक पत्ता, बाहेर दुसरा. नाव दोन ठिकाणी दोन उत्तरं देणार. अकाउंट्स सांभाळून हे करणाऱ्या बाईच्या डोक्याला वर्षभर ताप. एकदाच दुखू द्या.

---

मांडवी | बुधवार, दुपारी ३:१५

म्हापशाच्या माणसाचं काय झालं? आमच्याकडे पावसात दिवसातून चार वेळा वीज जाते, मला एक शंका आहे. त्याला विचारा, कॉम्प्युटर जुना डेस्कटॉप आहे का, आणि कोपऱ्यातलं घड्याळ काय वाजलेत म्हणतं?

---

गूळपोळी | बुधवार, सायंकाळी ४:०२

@मांडवी, तुम्ही ज्योतिषी आहात का? जुना डेस्कटॉप, आणि तारीख १ जानेवारी, वर्ष कुठलं तरी कितीतरी मागचं. लॉगमध्ये 'सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड' असं लिहिलंय. म्हणजे आमचं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीनं अजून जन्मालाच आलेलं नाही. तारीख बदलली, लगेच जोडलं गेलं.

---

मांडवी | बुधवार, सायंकाळी ४:२०

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळेल. नाही बदलला तर पुढच्या वेळी वीज गेली की परत जानेवारी.

---

गूळपोळी | गुरुवार, सकाळी १०:३०

आता उरले पुण्याचे सीनियर, वर न चढणाऱ्या फायलींचे. त्यांचं घर १९२.१६८.० वर आहे, टक्कर नाही. सर्व्हरवर अपलोडची मर्यादा तपासली, भरपूर आहे. बाकीच्यांच्या याहून मोठ्या फायली चढतात. त्यांनी लॅपटॉप बदलून पाहिला, तेच.

---

झिरोवन | गुरुवार, सकाळी १०:४५

छोटं जातं, मोठं अडकतं, आणि एरर न देता नुसतं लटकतं. माझा संशय एमटीयूवर. म्हणजे डेटा ज्या पॅकेटांत विभागून जातो त्यांच्या कमाल आकारावर.

व्हीपीएन चालू ठेवून त्यांना सर्व्हरला पिंग करायला सांगा, -एफ म्हणजे तुकडे करू नको, आणि -एल पुढे आकार. १३०० पासून सुरू करून वर चढा, मग खाली या. नेमका कुठला आकडा शेवटचा जातो ते हवं. अंदाजे नको.

---

गूळपोळी | गुरुवार, दुपारी १२:५५

सीनियर शिस्तीचे आहेत, वहीत तक्ता करून पाठवला. १३०० येतं. १४०० येतं. १४५० 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. १४१० येतं. १४१२ येतं. १४१३ नाही. १४१२ दहा वेळा केलं, दहाही आले. १४१३ दहा वेळा, एकही नाही.

---

तारवाला | गुरुवार, दुपारी १:१०

वा! अशी माणसं खात्यात असती तर.

हिशेब करा. १४१२ वर पिंगचं आणि आयपीचं डोकं, म्हणजे पॅकेटावरची पत्त्याची पट्टी, मिळून आणखी २८ बाइट. झाले १४४०. ओपनव्हीपीएन हे पॅकेट स्वतःच्या पाकिटात घालतो. सांकेतिक लिपी एईएस-जीसीएम असेल तर पाकिटाचं वजन २४, त्यावर यूडीपी (बोगदा ज्या पद्धतीनं पॅकेटं धाडतो ती) आणि आयपीचे आणखी २८, म्हणजे ५२. १४४० अधिक ५२.

---

झिरोवन | गुरुवार, दुपारी १:१२

१४९२!!!

---

तारवाला | गुरुवार, दुपारी १:२५

बरोबर. इथरनेटचं माप १५००. पीपीपीओई, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड घालून जोडायचं कनेक्शन, त्यातले ८ खातं. उरतात १४९२. सीनियरांचं कनेक्शन तसलं आहे. माप कमी असणं हा दोष नाही, मोठं पाकीट आलं तर राउटरनं त्याचे तुकडे करून पुढे धाडायला हवं. यांचा राउटर तुकडे न करता गपचूप टाकून देतोय. खाली येणारं चालतं, कारण ते तुकडे पलीकडची मोठी यंत्रं करतात.

तुम्ही विचाराल, मग त्यांचा बाकीचा इंटरनेट कसा चालतो? साध्या टीसीपीत, म्हणजे वेबपानं-फायली ज्या पद्धतीनं येतात-जातात तिच्यात, राउटर सुरुवातीच्या बोलणीतच हळूच आकडा बदलतो, "आमच्याकडे लहान पाकिटं पाठवा". बोगद्याच्या आतली बोलणी त्याला दिसत नाहीत. त्याला नुसता यूडीपी दिसतो.

पण एक खटकतंय. बोगद्याच्या आत आकडा कमी करायचं हे काम ओपनव्हीपीएन आपणहून करतो, एमएसएसफिक्स नावाची सोय मुळातच चालू असते. तुमच्याकडे कुणीतरी बंद केली असणार. फायरवॉलवर ओपनव्हीपीएनच्या पानात तळाशी 'कस्टम ऑप्शन्स' चा चौकोन असेल, त्यात काय आहे?

---

गूळपोळी | गुरुवार, दुपारी २:४०

त्यात चार ओळी आहेत: सेंडबफ ०, आरसीव्हीबफ ०, फ्रॅगमेंट ०, एमएसएसफिक्स ०. वर त्या मुलाची टिप्पणी, "स्पीड बूस्ट, डोन्ट टच".

---

पन्हाळा_पायी | गुरुवार, दुपारी २:४४

डोन्ट टच लिवलंय म्हंजे हितंच घाण हाय.

---

झिरोवन | गुरुवार, दुपारी २:५२

"वेग वाढवा" छापाच्या पानांवरून या ओळी वर्षानुवर्षं फिरतायत. एमएसएसफिक्स ० आणि फ्रॅगमेंट ० काढून टाका, कोरं सोडा. आधी त्या पानाचा बॅकअप घ्या. क्लायंटच्या फायलींत त्याच ओळी असतील तर सवडीनं काढा, सर्व्हरकडून काढलं तरी पुरतं, तो जाता-येता दोन्ही दिशांचा आकार कापतो. मग सगळ्यांना एकदा तोडून परत जोडायला सांगा, जुनी जोडणी जुन्याच मापानं चालत राहील. दुपारचं काम चालू असताना करू नका, सगळे एकदम तुटतील.

---

गूळपोळी | गुरुवार, रात्री ८:३०

साडेसातला केलं. ४० एमबीची असेंब्ली सव्वा मिनिटात चढली. सीनियरांनी वहीत तीही वेळ लिहिली.

---

गूळपोळी | पुढच्या आठवड्यात, शनिवार, दुपारी ३:०५

नवी तक्रार. इचलकरंजीचे सासरे संध्याकाळी सुनेच्या लॅपटॉपवर दुकानाचा कॅमेरा बघतात. ती कामात असली की कॅमेरा उघडत नाही, आमच्या सर्व्हरचं पान येतं! काल त्यांनी तिला विचारलं म्हणे, "तुझ्या कंपनीनं आपलं दुकान घेतलं काय?"

---

तारवाला | शनिवार, दुपारी ३:४०

हाहा. '.१० पलीकडे आहे' असं आपणच सांगून ठेवलंय. आता ऑफिसचा पट्टा बदलायचं मनावर घ्याच. आधी कागदावर यादी करा. ज्यांना पत्ता आपोआप मिळतो ते आपोआप बदलतील. ज्यांच्यात हातानं घालून ठेवलाय ते शोधायचे: प्रिंटर, वाय-फायच्या पेट्या, लायसन्सचा सर्व्हर, टॅली, मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा पीसी, हजेरीचं यंत्र. आणि डीएचसीपीची, म्हणजे आपोआप दिलेल्या पत्त्याची, मुदत आदल्या दिवशी कमी करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी जुना पत्ता धरून बसणार नाही.

---

अनुस्वार | शनिवार, सायंकाळी ६:१५

मी अजूनही म्हणतो, क्लाउड. पण धागा वाचनखुणेत टाकला आहे.

---

गूळपोळी | तीन आठवड्यांनी, सोमवार, सकाळी ११:२०

काल सुट्टीच्या दिवशी केलं. सकाळी आठला मी आणि मशीन शॉपचे सुपरवायझर. यादीत १९ वस्तू होत्या, निघाल्या २७. पॅकिंगमधला लेबलचा प्रिंटर कुणाच्या लक्षातच नव्हता. व्हीएमसी या मिलिंग मशीनच्या पीसीवर पत्ता प्रोग्रॅम पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा लिहिलेला होता, त्यात दीड तास गेला. दुपारी कांदाभजी मालकांकडून.

आता सगळं १०.८३.४० वर. अकराही जण सकाळपासून जोडलेले आहेत, सासऱ्यांचा कॅमेराही दिसतोय.

एक राहिलं. हजेरीच्या यंत्रात शिरायला अॅडमिनचं बोट लागतं, आणि ते बोट त्या मुलाचं आहे. आज सगळ्यांनी रजिस्टरवर सह्या केल्या.

---

पन्हाळा_पायी | सोमवार, सकाळी ११:२६

पोराला मिसळ खायला बोलवा.

---

गूळपोळी | सोमवार, सकाळी ११:४१

फोन केलाय. गुरुवारी येतो म्हणाला, कट जास्त पाहिजे म्हणे.